डोहावर बोलायचं नाही

आत्याबाई,

सवत म्हातारी झाली. येत्या सोमवारपासून तिला पाडायला घेणार आहेत. शेजारी नवा पूल उभा राहिलाय, चांगला रुंद, दोन ट्रक एकमेकांना न घासता जातात आणि रात्रभर दिवे जळतात. जुन्याच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेत. तुम्ही असता तर ओट्यावर बसून मिश्री लावत म्हणाला असता, "माझी नाव फुकटात गेली. हिला न्यायला बघ सरकारला मशीन आणावं लागलं." आपल्या पुलाला सवत हे नाव तुम्हीच ठेवलेलं. ते आता गावात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

परवा पंचायतीतून एक चष्मेवाले साहेब आले. नव्या पुलाच्या तोंडाशी जुन्याचा इतिहास लिहिलेली पाटी लावायची आहे म्हणे, म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरत होते. गावात उरलेली म्हातारी माणसं एकतर बहिरी, नाहीतर माझ्यासारखी. ओट्यावर बसले, चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणाले. मी म्हटलं, "असू द्या, इतिहासाला लागेल." हसले नाहीत. "आजी, पुलाच्या आधी इथं होडी चालायची ना? तिचं काय झालं?" मी म्हटलं, "पुरात वाहून गेली." त्यांनी तेवढं लिहून घेतलं आणि उठले. त्यात खोटं काही नाही. पण त्यांची गाडी वळली आणि मी ती ओळ मनात पुन्हा म्हटली. त्या एवढ्याशा ओळीत तुम्ही कुठं आहात? पुढचं त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगावं तर तुम्हाला ते माझ्याहून जास्त माहीत. तरी लिहितेय. मी दुसरी शिकलेली, पोरांच्या पाट्यांवर पुढचं गिरवलेलं, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाचं बघू नका. नातीनं मोबाईलवर टाईप करून दिलं असतं, पण ती माझं बोलणं शुद्ध करते. शुद्ध केलं की ते माझं राहत नाही.

मी लग्न होऊन आले ती तुमच्या नावेतूनच. माझं माहेर पलीकडच्या काठाला, सासर अलीकडच्या. मधे गंगा. नाशकाहून खाली येताना ती आपल्या घाटापाशी पसरते. खालच्या बंधाऱ्यामुळं पाणी बारा महिने भरलेलं, उन्हाळ्यातसुद्धा कुणी चालत पलीकडं गेलेलं मी पाहिलं नाही. माझ्या आईनं हे स्थळ बघितलं त्यात तिचा हिशेब होता. "नावाड्याच्या घरात देते पोरीला. घरची नाव, मनात आलं की येईल." तिला काय माहीत की हलवायाच्या घरात जिलबी खात नाहीत. नावेत माणसं भरलेली, वाण्याची पोती, कुणाची शेळी, बाजाराचे दिवस, लग्नाचे दिवस. सुनेनं उठून माहेरी जायचं म्हणजे एका माणसाची जागा अडवायची. मी दुपारी धुणं धुवायला घाटावर बसायचे आणि पलीकडं आमच्या चिंचेखाली आई शेण थापताना दिसायची. दिसायची, पण हातभर लांब असल्यासारखी आणि मुलूखभर लांब असल्यासारखी.

त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला दोन गोष्टी शिकवल्या. नाव मधल्या डोहावर आली तसा मामंजींनी वल्हं हळू केलं आणि नावेतली सगळी माणसं एकाएकी गप्प झाली. वऱ्हाडातल्या बायका गाणं म्हणत होत्या, त्यांनी ओळ अर्ध्यात सोडली. मी नवी नवरी, मला वाटलं काय झालं, म्हणून विचारायला तोंड उघडलं तर तुम्ही माझ्या मांडीला असा चिमटा काढला की हळदीच्या अंगावर निळा डाग पडला. डोह मागं पडल्यावर म्हणालात, "डोहावर बोलायचं नाय. तिथं बाई झोपलेली असती. तिची झोपमोड केली तर ती आपली करती." आणि काठाला पाय लागल्यावर दुसरी गोष्ट. पलीकडं उभ्या माझ्या आईकडं तोंड करून म्हणालात, "आता हाक मार. पोचले म्हन. मागं राहिलेल्याला कळाया नको का?" लग्नाच्या शालूत, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी पहिली हाक मारली, पोचलेऽऽ. पाणी शांत होतं. पलीकडून आईची हाक आली. तुम्ही म्हणालात, "गळा बरा हाय पोरीचा. कामाला येईल."

बाकी तुमच्या तोंडाबद्दल काय लिहू. माझी भाकरी तव्यावर फुगली नाही की म्हणायचात, "हिच्या माहेरी भाकरीला वारं लागत न्हवतं वाटतं." कालवणात पाणी जास्त झालं की, "घरात गंगा कशाला आणली, बाहेर हाय की." एकदा माशाचं कालवण ऊतू गेलं, चूल विझली, तर तुम्ही शांतपणे मामंजींना सांगितलंत, "वल्हं आना, सून स्वयंपाकघरात नाव चालवाया लागली." मी रडले नाही, मला हसू आलं, आणि मी हसले म्हणून तुम्ही आणखी बोललात. पण तेव्हाच आपलं जमलं. मला जीभ तुमच्याकडून आली, आत्याबाई. आता माझ्या सुना म्हणतात आईंच्या जिभेला धार आहे. ही तुमची धार. मी नुसती पाजळत राहिले.

मग सवत आली. आधी नुसते खांब मोजणारे आले, डोळ्याला नळी लावून बघणारे, मग मजूर, मग खडी. सगळं आलं कशातून? आपल्या नावेतून. पलीकडचा रस्ता पावसात बंद, त्यामुळं सिमेंटच्या गोण्या, लोखंड, मुकादमाची खाट, मजुरांच्या बायका, सगळ्यांना मामंजींनीच पलीकडं नेलं. नावेवर आपलं पोट कसं चालायचं ते आताच्या पोरांना सांगून कळत नाही. दर फेरीला कुणी काही द्यायचं नाही, सुगी झाली की दोन्ही काठांची गावं धान्य घालायची, तेवढ्यावर वर्ष. पूल झाला की धान्य कोण घालणार? हे मामंजींना कळत होतं, तरी ते गोण्या नेत होते, कारण घाटावर उभ्या माणसाला नाही म्हणायचं नाही हा त्यांचा नेम. संध्याकाळी ते थकून टेकले की तुम्ही ताट वाढता वाढता विचारायचात, "आज सवतीच्या वऱ्हाडातलं कोन आनलं?" तेव्हापासून पूल म्हणजे सवत. खांब पाण्याच्या वर आले तेव्हा "सवतीला दात आले," आणि वरचा रस्ता ओतला तेव्हा "सवत आडवी झाली, आता उठायची नाय." त्याच दिवसांत आवई उठली की पुलाला पोराचं डोकं लागतं, रात्रीतून खांबात पुरतात. बायका पोरांना घरात कोंडून घ्यायला लागल्या. तुम्ही सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा म्हणालात, "डोकं लागत असतं तर आधी मुकादमाला एक बसवलं असतं." दुसऱ्या दिवशी आळीतली पोरं पुन्हा घाटावर खेळायला लागली. पुलाला तुमच्याइतक्या शिव्या कुणी दिल्या नाहीत, पण त्याच्यावर खोटा आळ आलेला तुम्हाला चालला नाही.

त्या वर्षी श्रावणात पूल पुरा झाला, फक्त एका बाजूचा कठडा राहिला होता. मंत्री येऊन फीत कापणार आणि मग चालू होणार, म्हणून दोन्ही तोंडांना बाभळीचे काटे टाकून ठेवलेले. राखणदार एकच, पलीकडच्या टोकाला, पत्र्याच्या खोपटात. उत्तरेकडचा माणूस, हिंदी बोलणारा. आणि वरच्या धरणाचं पाणी सोडलं. गंगा अशी आली की घाटाच्या पायऱ्या गेल्या, महादेवाचं देऊळ कमरेपर्यंत गेलं. पाण्याचा रंग चहासारखा, त्यात झाडं, कडबा, कुणाचं तरी छप्पर. नाव वर ओढून वडाखालच्या खुंट्याला बांधलेली, तरी पाणी तिला खालून उचलत होतं. तुमचा मुलगा तेव्हा इगतपुरीला रेल्वेच्या कामावर, पावसानं तिकडंच अडकलेला. घरात मामंजी, तुम्ही आणि मी. तुम्ही दोघं आळीपाळीनं नव्हे, दोघं मिळून नाव धरून बसला होता. एकजण दोर आवळायचा, दुसऱ्यानं बांबूनं नाव काठापासून ढकलून धरायची. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं.

सकाळ चांगली वर आली तेव्हा पलीकडं माणूस दिसला. ओरडत असावा, पण पाण्याच्या आवाजात हाक कसली पोचते. मग त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं आणि काठीला बांधून हलवायला लागला. मला वाटलं कुणीतरी मजा करतंय. तुमचं तोंड बदललं. म्हणालात, "चिंचेपाशी उभा हाय. तुझ्या माहेरचा. पागोटं उतरवलंय म्हंजी बरं नाय." काठावर पागोटं हलवण्याच्या खुणा होत्या, त्या तुम्हालाच कळायच्या. डोक्यावर ठेवून हात हलवला तर नाव पाठवा, उतरवून हलवलं तर घरात कुणी जायला टेकलंय. आमच्या घरात एकटी आईच होती. नाव घालायचा प्रश्नच नव्हता, त्या पाण्यात मामंजींनी देवाला नेलं नसतं. मी काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही समोर नव्हतंच.

तुम्ही बांबू मामंजींच्या हातात दिलात. म्हणालात, "मी हिला सोडून येते." मामंजी म्हणाले, "कुठून?" तुम्ही म्हणालात, "सवतीच्या अंगावरून." मामंजी म्हणाले, "आन् नाव?" तुम्ही नावेकडं बघितलंसुद्धा नाही. गोणपाटाच्या दोन खोळी घेतल्या, एक माझ्या डोक्यावर घातली, एक तुमच्या. "चल गं. पदर खोच. खाली बघू नको, माझ्या टाचा बघ."

काटे तुम्ही हातानं बाजूला केले, तळहाताला लागलेले मला नंतर दिसले. पुलावर पाय ठेवला तर सगळा पूल पायाखाली गुरगुरत होता. पाणी वरच्या रस्त्याला लागायला थोडंच कमी, एका बाजूला कठडा नाही, वारा त्याच बाजूनं. मी तुमच्या टाचा बघत चालले. भेगा पडलेल्या टाचा, एका पायात चांदीचा वाळा, दुसऱ्यातला कधीच हरवलेला. आजसुद्धा पूर म्हटलं की मला पाणी आठवत नाही, तुमच्या टाचा आठवतात. आणि मधोमध आलो तेव्हा पलीकडून राखणदार छत्री घेऊन पळत येताना दिसला. "अरे ओ माई! कहाँ जा रही हो? पूल बंद है!" आपण नेमक्या डोहावर होतो. तुम्ही उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. तो आणखी जवळ आला. "सुनती नहीं क्या? उद्घाटन नहीं हुआ अभी!" तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत आणि त्यालाही गप्प राहायची खूण केलीत. तो बिचारा घाबरला. समोरून दोन बायका डोक्यावर गोणपाट घेऊन येताहेत, बोलत नाहीत, थांबत नाहीत, वर त्यालाच गप्प बस म्हणताहेत. तो उलटा चालायला लागला, छत्री वाऱ्यानं फाकलेली, आणि तोंडानं "गूँगी हो क्या? गूँगी हो क्या?" एवढंच. बाई खाली झोपली होती की खवळली होती, हे बघायला तुम्हाला सवड नव्हती. नेम तो नेम. नावेतला नेम पुलावर चालतो का, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्हीच त्या क्षणी ठरवलंत आणि चालवलात.

डोह मागं पडला आणि तुम्ही थांबलात. "हां. आता बोल. काय बोंबलत होतास?" तो म्हणाला, "उद्घाटन बाकी है, माई. साहब मुझे निकाल देंगे." तुम्ही म्हणालात, "मंत्र्याची आई मरती का तिकडं? हिची मरतेय. सरक." मराठी त्याला किती कळलं देव जाणे. पण त्यानं माझ्याकडं बघितलं, छत्री माझ्या हातात दिली आणि बाजूला झाला.

पलीकडच्या टोकाला तुम्ही काठावर पाय टेकवलाच नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, चला की घरी, आईला बघा." तुम्ही म्हणालात, "बांबू कोन धरंल? मी फिरते. तू पोचलीस की हाक मार. आईला बघितल्यावर, आधी नाय. जिती हाय का ते मला कळाया पायजे." आणि फिरलात. मी चिंचेपाशी जाऊन मागं बघितलं. पावसात एवढा मोठा नवा पूल, त्याच्यावर तुम्ही एवढ्याशा, आणि तुमच्या मागं मागं तो राखणदार, छत्री मला दिल्यामुळं भिजत. तुम्हाला मधल्या डोहाच्या पुढं सोडून तो परत आला. तुम्ही नंतर सांगितलंत की डोहावर तोही तोंडावर बोट ठेवून चालला. "लवकर शिकला," म्हणालात. तुमच्याकडून एवढी तारीफ मला तीन पोरं झाल्यावरसुद्धा मिळाली नाही.

आई जिवंत होती. डोळे उघडले, मला बघितलं, माझ्या ओल्या लुगड्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पोहत आलीस का गं?" मी म्हटलं, "सासूनं पुलावरून आणलं." ती म्हणाली, "पूल चालू झाला?" मी म्हटलं, "नाही. सासू चालू झाली." ती हसली. जाणाऱ्या माणसाला हसू येतं हे मला तेव्हा कळलं. पुढं ती फार राहिली नाही, पूर उतरायच्या आत गेली. पण माझ्या मांडीवर गेली आणि शेवटचं पाणी माझ्या हातचं प्यायली. मी काठावर धुणं धुताना ती चिंचेखाली दिसायची एवढ्यावर आमचं माय-लेकींचं संपायचं होतं. ते तसं संपलं नाही.

पाणी उतरल्यावर मी परत आले ती पुलावरूनच, राखणदारानं काटे स्वतः बाजूला केले. घाटावर आले तर वडाखाली खुंटा नव्हता. खुंट्याच्या जागी खड्डा आणि त्यात गढूळ पाणी. मी विचारायच्या आधी तुम्ही म्हणालात, "गंगेनं नेली. बरं झालं. सवतीच्या हातून मरन्यापरीस बरी गेली." आणि लगेच माझ्याकडं वळून, "तुला हाक मारायला सांगितलं हुतं. काठावर दिवस घालवला मी. तोंडात दही धरलं हुतंस का?" मी म्हटलं, मारली होती हाक. तुम्ही म्हणालात, आली नाय. मी म्हटलं, पाण्याचा आवाज होता. तुम्ही म्हणालात, लग्नात लय गळा काढला हुतास. पुढं कितीतरी वर्षं, भाकरी करपली, दूध नासलं, पोरगं पडलं, काहीही झालं तरी शेवट तिथंच. "हिला कुठं हाक मारता येती, हिच्या तोंडात दही."

मंत्री दिवाळीच्या आसपास आले, फीत कापली, नारळ फोडला. तुम्ही गर्दीत माझ्या कानाशी म्हणालात, "शिळ्या पुलाला नारळ." आणि दुसऱ्या दिवसापासून टोपली घेऊन त्याच पुलावरून बाजाराला जायला लागलात. मामंजी महिनोन् महिने घाटावर बसून पाण्याकडं बघायचे. तुम्ही त्यांच्याशी भांडला नाहीत, त्यांच्यासमोर खुरपं ठेवलंत. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात काकड्या लावल्या, मग वांगी, मग झेंडूचा गोंडा. दसऱ्याला गोंडा विकायला तुम्ही मला नाशकात पहिल्यांदा नेलंत. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की म्हणायचात, "ताई, देवाला घालायचाय का नवऱ्याला? नवऱ्याला असला तर कालचा स्वस्तात देते." माझी पोरं ह्याच पुलावरून सायकलनं शाळेत गेली. थोरली पोर तिच्याच लग्नाच्या गाडीत डोहावर गप्प बसली तेव्हा तिच्या नवऱ्याला वाटलं रुसली. आता पुलावरून द्राक्षांच्या गाड्या जातात, कांद्याचे ट्रॅक्टर लासलगावला जातात, आणि सवत प्रत्येकाला पाठीवर घेता घेता मधे वाकली. मोठ्या पुरात ती दोनदा पाण्याखाली गेली, वर आली तर अंगावर पाणवेलींची झालर. तुम्ही पहिल्यांदा बघून म्हणाला होता, "नाहून आली, केस पुसा कुनीतरी." बाई बाईशी बोलते तसं बोलायला लागला होता तुम्ही तिच्याशी. शेवटी शेवटी तर तिच्या कठड्याला धरूनच चालायचात.

नावेचं मला कळलं ते तुमच्यानंतर. मामंजी आजारी होते, मी पाय चेपत होते. तेच म्हणाले, कुठलाही विषय नसताना, "दोघं असतो तर राहिली असती नाव. दोर मी धरला हुता, बांबू धराया मानूस न्हवतं. ती तुला सोडाया गेली आन् खुंटा उपटला." मी म्हटलं, "आत्याबाई कधी बोलल्या नाहीत." ते म्हणाले, "मलाबी बोलू दिलं नाय. म्हनली, सुनेला कळलं तर तिला आईचं मरन गोड लागायचं नाय."

आत्याबाई, मी त्यांचे पाय चेपत राहिले, पण माझे हात कुठं होते मला माहीत नाही. तुम्ही मला करपलेल्या भाकरीवरून बोललात, माझ्या उंचीवरून, माझ्या माहेरच्या म्हशीवरून, माझ्या घोरण्यावरून. एकत्र काढलेल्या सगळ्या वर्षांत असा दिवस गेला नाही की तुम्ही मला काही सुनावलं नाही. आणि तुमची नाव, जिच्यावर सवत आली म्हणून तुम्ही पुलाला शिव्या द्यायचात, ती माझ्यापायी गेली, त्याचा एक शब्द नाही. भांडणात नाही, रागात नाही, तापाच्या भ्रमातसुद्धा नाही. पूल चालू झाल्यावर ती तशीही पडूनच राहिली असती, मला माहीत आहे. पण बांबू हातातून सोडताना तुम्ही तो हिशेब केला नव्हता. माझ्याकडं बघितलंत आणि सोडला. मला वाटायचं ते हाकेचं तुम्ही उगाच लावून धरलंय. आता वाटतं, जे बोलायचं नव्हतं त्याच्यावर झाकण म्हणून तुम्ही ते दह्याचं बोलत राहिलात.

जाताना तुम्ही सांगितलं होतं, "मला रामकुंडावर नेऊ नका, लय गर्दी असती. आपल्या डोहात सोडा." मासे धरणाऱ्या एकाची होडी मागून तुमच्या अस्थी आम्ही डोहात सोडल्या, कुणी एक शब्द बोललं नाही. म्हणून त्यानंतर पुलावरून जाताना मी मधे गप्प बसते. नातीला वाटतं म्हातारीचा नेम. नेम तर आहेच. पण आता तिथं झोपलेली बाई कोण, ते मला माहीत आहे. लोक तिथंच गाडी थांबवून निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट खाली फेकतात, तेव्हा मात्र मला गप्प बसणं अवघड जातं. डोह मागं पडेपर्यंत धीर धरते, मग फिरून जाऊन शिव्या देते.

काल संध्याकाळी नातीला म्हटलं, जुन्यावरून ने. ती नर्सिंगला आहे, स्कूटी भरधाव चालवते, पण माझ्यापुढं तिचं चालत नाही. "आजी, तो बंद केलाय, पत्रे लावलेत." मी म्हटलं, "बंद पुलावरून जायची आमच्या घराला सवय आहे." पत्र्याच्या फटीतून आम्ही आत गेलो, तिनं गाडी बाहेर लावली. चालत निघालो. मधोमध आलो तर मागून राखणदार ओरडत आला, ह्या वेळचा मराठीच, पिवळं जाकीट घातलेला. "ओ आजी! मागं फिरा! धोका आहे!" नात फिरून त्याला म्हणाली, "दादा, दोन मिनिटं थांबा, ती इथं बोलत नाही." तिनं ते इतक्या सहज सांगितलं, जशी पुलाचीच एखादी अट असावी.

पाणी खाली अगदी शांत होतं. आणि मी बोलले, आत्याबाई. डोहावर, कठड्याला धरून, होता नव्हता तेवढा गळा काढून. "पोचलेऽऽ." राखणदार जागच्या जागी थांबला. नात म्हणाली, "आजी, कुणाला हाक मारलीस?" मी म्हटलं, "रेंज येते का बघत होते."

हा कागद मी कुठं टाकणार नाही. गंगेत सोडायचं मनात आलं होतं, पण मग दुसऱ्यांना शिव्या द्यायचं तोंड राहणार नाही. पिठाच्या डब्याखाली अंथरते, तेवढंच पीठ ओल धरणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी हाक मारली मारली म्हणून मी तुमच्याशी जन्मभर भांडले. आईला बघून बाहेर आले, काठावर उभी राहिले, पलीकडं तुम्ही खोळ डोक्यावरून काढून कान देऊन उभ्या दिसलात, आणि माझा आवाज फुटलाच नाही. नुसतं तोंड उघडलं. दही नव्हतं, आत्याबाई. मी रडत होते.